चकचकीत केलेली पट्टी पावसाळ्यानंतर पुन्हा पांढरी का पडते?

तक्रार बहुतेक एकाच सुरात येते. गाडीच्या खिडकीखालची नाहीतर टपावरची चंदेरी पट्टी धुरकट झाली, तिच्यावर दुधाळ ओघळ उमटले. कुणीतरी मेटल पॉलिश सुचवलं, ते लावून घासलं, पट्टी लखलखली. एक पावसाळा गेला आणि पुन्हा तेच. परत पॉलिश केलं तर चमक आधीपेक्षा कमी दिवस टिकली. तिसऱ्या खेपेपर्यंत पट्टी बोटाला खरखरीत लागायला लागते आणि मग सगळा दोष पॉलिशच्या डबीला.

डबीतलं पॉलिश सहसा ठीकच असतं, फक्त ते भलत्या धातूवर लागलेलं असतं. कारखान्यात धातूवर जो राखणदार थर चढवलेला असतो तोच आपण मळ समजून घासून काढतो. दर वेळी तो थोडा पातळ होतो, म्हणून दर वेळी डाग थोडा लवकर परततो.

पट्टी कशाची आहे?

गाडीवर जे जे चंदेरी असतं त्याला आपण सरसकट क्रोम म्हणतो. प्रत्यक्षात त्यात निदान चार प्रकार असतात: निकेल-क्रोमचा मुलामा चढवलेलं पोलाद, स्टेनलेस स्टील, ॲनोडाइज केलेलं (विजेने कठीण ऑक्साइडचा थर वाढवलेलं) ॲल्युमिनियम आणि मुलामा दिलेलं प्लास्टिक. जुन्या ॲम्बेसेडर-पद्मिनीचे बंपर पहिल्या प्रकारातले. आजच्या गाड्यांची ग्रिल, लोगो, हँडलची कव्हरं बहुतेक शेवटच्या प्रकारातली. खिडकीभोवतीच्या पट्ट्या आणि टपावरचे रूफ रेल यांत ॲल्युमिनियम बरंच सापडतं, आणि पुन्हा पुन्हा पांढरं पडण्याची तक्रार मुख्यतः त्याचीच.

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पट्टीला लावून बघा. चिकटलं तर पोलाद किंवा स्टेनलेस. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही हा समज इथे फसवतो. पट्ट्यांसाठी वापरलं जाणारं ४३० जातीचं स्टेनलेस चुंबकाला व्यवस्थित चिकटतं. त्यामुळे पट्टीची कड आणि मागची बाजू बघायची. स्टेनलेस आतून-बाहेरून एकच असतं, मुलामा दिलेल्या पोलादाची मागची बाजू मात्र निस्तेज किंवा गंजलेली दिसते. चुंबक चिकटलं नाही तर बहुधा ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक. जुन्या गाडीचं हँडल असेल तर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकामही असू शकतं. प्लास्टिक नखाने टकटक केली की कळतं, आवाज बद्द येतो.

ॲल्युमिनियम निघालं तर आणखी एक चाचणी करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) कंटिन्यूइटीवर, म्हणजे वीज आरपार गेली की बीप देणाऱ्या खुणेवर ठेवा आणि दोन्ही टोकं पट्टीला हलकेच टेकवा. बीप आला तर ॲल्युमिनियम उघडं पडलेलं आहे. बीप आला नाही तर वर ॲनोडाइजचा किंवा पारदर्शक लॅकरचा थर शाबूत आहे, कारण दोन्ही थर वीज जाऊ देत नाहीत. टोकं दाबून खरवडू नका, नाहीतर थर फोडून खालच्या धातूची बीप ऐकाल. लॅकर आणि ॲनोडाइज यांतला फरक डोळ्यांनी कळतो: लॅकर सुटताना कडेने पापुद्रे निघतात, ॲनोडाइजचे पापुद्रे कधीच निघत नाहीत. तो थर धातूतूनच वाढवलेला असतो.

ॲनोडाइज पट्टी दुधाळ का होते

ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप एक ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो, पण तो अतिशय पातळ असतो. ॲनोडाइज करताना धातू आम्लाच्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात आणि तोच ऑक्साइड काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीपर्यंत वाढवतात. मग त्याची छिद्रं बंद करतात. हा थर कठीण असतो, ओरखड्यांना दाद देत नाही, ऊन-पाऊस सोसतो. त्याचं एकच नाजूक दुखणं आहे: तो आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. आम्ल-अल्कली मोजायचं माप म्हणजे पीएच: ७ म्हणजे न्यूट्रल, खाली आम्ल, वर अल्कली. साधारण ४ ते ८.५ एवढ्या पीएचच्या टप्प्यात हा थर सुखी असतो. त्याच्या बाहेर गेलं की पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो, प्रकाश विखुरतो आणि आपल्याला दुधाळ डाग दिसतो. हा डाग म्हणजे वर बसलेला मळ नव्हे. थरच तिथे कुरतडला गेलेला असतो. कितीही शाम्पू लावला तरी तो निघत नाही, त्याचं कारण हे.

आता आपल्याकडे गाडीला ८.५ च्या वरचं आणि ४ च्या खालचं काय काय लागतं ते बघा. वॉशिंग सेंटरमध्ये चाकांची आणि खालची ग्रीस काढायला जे डिग्रीझर मारतात ते बहुधा कडक अल्कली असतं आणि गन हातात असली की फवारा दारापर्यंत जातोच. अलॉय व्हील उजळवायचं ॲसिड हे दुसरं टोक. सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा बादलीत कपडे धुण्याची पावडर टाकतात. तिचा पीएच १० च्या आसपास किंवा वरच असतो, आणि नंतर साध्या पाण्याने पुसून काढण्याइतका वेळ त्यांना कुणी दिलेला नसतो. घरगुती उपायांतलं लिंबू, चिंच, व्हिनेगर हे सगळं ४ च्या खाली. पितळेची भांडी घासायची पावडर तर आम्ल आणि खरखरीत भुकटी एकत्र. देवघरातली समई तिने छान निघते म्हणून गाडीच्या पट्टीवर वापरायची नसते.

सगळ्यात दुर्लक्षित गुन्हेगार पार्किंगच्या छतात असतो. पोडियम किंवा बेसमेंटच्या स्लॅबमधून पावसाळ्यात जे पाणी ठिबकतं ते काँक्रीटमधला चुना घेऊन येतं. ताज्या ओघळाचा पीएच १२ च्या घरात असू शकतो. ते थेंब गाडीवर वाळले की पांढरा खर बसतो. काचेवरचा आणि रंगावरचा आपण ओळखतो, पण पट्टीवर त्याच थेंबाने एव्हाना ॲनोडाइज खाल्लेलं असतं. गाडी रोज एकाच जागी लागते, थेंबही रोज त्याच जागी पडतो. अशा गाडीची पट्टी पन्नास वेळा पॉलिश केलीत तरी पन्नास वेळा पांढरी होणार. सोसायटीच्या सभेत विषय काढा, वॉटरप्रूफिंग होईपर्यंत वर पन्हळ लावून घ्या, नाहीतर जागा बदला.

डागाचा आकार कारण सांगतो. एकाच बाजूच्या पट्टीवर थेंबांचे ठिपके असतील तर छत बघा. दोन्ही बाजूंना खालून वर उडाल्यासारखे ओघळ असतील तर वॉशिंग सेंटर. सगळी पट्टी सारखीच धुरकट असेल तर रोजची बादली. रबराच्या बीडिंगलगतच्या कडेवरच पांढरी रेघ असेल तर तिथे साबणाचं पाणी अडकून वाळतंय. आणि फक्त स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसत असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे: दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांत वीज खेळते आणि ॲल्युमिनियम झिजतं. तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही. स्क्रू काढून खाली नायलॉनचा वॉशर आणि थोडं ग्रीस लावून परत बसवायचा. रूफ रेलचे स्क्रू मात्र उगाच सोडवू नका, खालचं सील हललं तर छतातून पाणी गळायला लागेल.

दुरुस्ती: किती घासायचं आणि कुठे थांबायचं

पट्टी सावलीत, गार असताना न्यूट्रल पीएचच्या कार शाम्पूने धुवा, कोरडी करा. मग डाग लागलेल्या भागावर नुसतं पाणी लावून बघा. ओलं असेपर्यंत दुधाळपणा गायब होतो आणि वाळल्यावर परत दिसतो, असं असेल तर कुरतड वरवरची आहे. पाणी त्या सूक्ष्म खड्ड्यांत भरतं म्हणून डाग तेवढ्यापुरता झाकला जातो. ओल्यातही डाग तसाच दिसत असेल तर नुकसान खोल आहे किंवा वर क्षारांचा जाड थर आहे.

वरवरची कुरतड असेल तर रंगासाठी वापरतात ते बारीक फिनिशिंग पॉलिश घ्या. रबिंग कंपाउंड नको, ब्रासोसारखं पितळेचं पॉलिशही नको. दोन्ही बाजूंच्या रंगावर आणि रबरावर मास्किंग टेप चिकटवा. पॉलिश काळ्या रबरात शिरलं की ते पांढरे डाग काढणं हे नवीन काम होऊन बसतं. दोन बोटं रुंदीचा, चटकन नजरेत न येणारा तुकडा निवडा, मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं पॉलिश घेऊन पट्टीच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा आणि कापडाकडे लक्ष ठेवा. कापड करडं-मळकट झालं तर हरकत नाही. ते कोळशासारखं काळं पडायला लागलं की हात थांबवायचा. ॲनोडाइजचा थर घासून तसा काळेपणा येत नाही. तो उघड्या ॲल्युमिनियमचा असतो. म्हणजे त्या जागी थर संपला.

थर शिल्लक असताना दुधाळपणा निघाला तर काम झालं. वर सिंथेटिक सीलंट किंवा मेणाचा हात द्या. दर दोन-तीन महिन्यांनी आणि पावसाळ्याच्या आधी न चुकता तो परत द्या. डाग फिकट झाला पण पूर्ण गेला नाही, तरी इथेच थांबण्याचा माझा सल्ला आहे. उरलेला डाग काढायच्या हट्टापायी थर जातो, आणि पट्टी हातची जाते.

थर गेलेलाच असेल तर काय करायचं, यावर फारसं गोड उत्तर नाही. एक मार्ग म्हणजे उरलंसुरलं ॲनोडाइज पूर्ण काढून उघडं ॲल्युमिनियम पॉलिश करणं. त्यासाठी वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद, आकडा मोठा तेवढा बारीक) ६०० पासून सुरू करून ८००, १२००, २००० असा चढवत न्यायचा, मग मेटल पॉलिश. कॉस्टिक सोड्याने थर झटकन निघतो हे खरं आहे, पण त्यात ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो, कातडी आणि डोळे भाजतात, आणि थेंब रंगावर पडला तर रंग गेला. गाडीवर बसवलेल्या पट्टीवर हा प्रयोग करूच नका. अशी पॉलिश केलेली पट्टी सुरुवातीला नव्याहून नवी दिसते. नंतर ती उघडी असते, म्हणून दर महिन्याला मेण मागते. पुण्यात किंवा नाशकात हे निभावता येईल. रत्नागिरीत नाही. वर क्लिअर कोट मारला तर गुळगुळीत ॲल्युमिनियमवर तो नीट धरत नाही, आणि कडेने पाणी शिरून आत पांढरे तंतू पसरतात. त्यापेक्षा दुसरा मार्ग बरा: १००० च्या पेपरने पट्टी एकसारखी मॅट करून एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारं अस्तर) आणि वर सॅटिन काळा किंवा चंदेरी रंग, किंवा सरळ काळं व्हायनिल (चिकटवायची प्लास्टिकची फिल्म). हल्ली हौसेने धड पट्ट्याही काळ्या करून घेतात, त्यामुळे शहरातल्या रॅपिंगवाल्यांना हे काम नवीन नाही. दर विचारताना एक बघायचं, ते व्हायनिल पट्टीच्या मागे वळवून देतात की कडेला कापतात. कडेला कापलेलं लवकर उचलतं.

पोलादावरचं क्रोम: गंज येतो कुठून

इथे डाग पांढरा नसतो, तपकिरी ठिपके असतात. मुलाम्यात क्रोमचा थर दिसायला सगळं काही असला तरी जाडीने अर्ध्या मायक्रॉनच्याही आतला असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. गंजापासून खरी राखण करतं ते त्याखालचं निकेल, जे चांगल्या कामात वीस-तीस मायक्रॉनपर्यंत असतं. निकेलमध्ये कुठे छिद्र राहिलं की खारी ओल पोलादापर्यंत पोचते आणि गंज त्या छिद्रातून फुलून वर येतो. म्हणून ठिपका पुसला तरी त्याच जागी परत येतो.

ताजे ठिपके काढायला जेवण गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल उत्तम. तिचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलके घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूपच मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा पडत नाही आणि गंज मात्र निघतो. हट्टी डागांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून कापडाने लावता येतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. तारेची घासणी कधीच नाही. फॉइलनंतर तळहात फिरवून बघा. गुळगुळीत असेल तर मेण लावून मोकळे व्हा. टोचणारे खड्डे लागले तर मुलामा तिथे फुटलेला आहे. गंज काढून, कोरडं करून त्या खड्ड्यांत मेण भरत राहणं एवढाच उपाय, आणि तो तात्पुरता. पॉलिश करता करता चमक पिवळसर वाटायला लागली तर ताबडतोब थांबा. क्रोमची झाक निळसर असते, पिवळसर दिसतंय ते निकेल, म्हणजे वरचा थर घासून संपला.

कडांना आणि बोल्टच्या भोकांभोवती परतणारा गंज हा बहुधा मागून आलेला असतो. बंपरच्या आतल्या बाजूला मुलामा जेमतेम पोचतो, तिथे चिखल साचतो, चिखलात ओल राहते. बंपर उतरवून मागची बाजू तारेच्या ब्रशने साफ करा, झिंक प्रायमर आणि वर काळा रंग मारा. पुढून वर्षभर केलेल्या मेहनतीपेक्षा ही एका सुट्टीची मेहनत जास्त टिकते.

समुद्राकाठच्यांसाठी

काशीद-नागावच्या वाळूवर गाडी उतरवणारे आणि दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवरून उघड्या डेकवर गाडी नेणारे यांच्या पट्ट्या लवकर जातात, यात नवल नाही. पण वाळूत न उतरलेल्या गाडीचं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास असली तरी ओल शोषून पातळ होतं. कोकणात हवा एवढी कोरडी क्वचितच असते. म्हणजे पट्टीवर बसलेलं मीठ जवळजवळ कायम ओलं असतं, पाऊस असो वा नसो. उलट जोराचा पाऊस ते मीठ धुऊन नेतो, आणि छपराखाली, कव्हराखाली उभी असलेली गाडी जास्त डागते. कव्हर घालायचंच असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन, गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर घाला.

बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात वाळलेल्या थेंबांचे पांढरे गोल राहतात. ते क्षार आहेत, गंज नाही. क्रोमवर आणि क्रोम दिलेल्या प्लास्टिकवर अर्धं व्हिनेगर-अर्धं पाणी लावलेलं कापड दोन-तीन मिनिटं ठेवून धुतलं की ते जातात. ॲनोडाइज पट्टीवर हा उपाय करू नका, कारण वर दिलंच आहे.

उरलेले दोन

स्टेनलेसच्या पट्टीवर चहाच्या डागासारखी तपकिरी झाक येते. ती वरवरची असते, मेटल पॉलिशने निघते, आणि इथे पॉलिशला माझी काही हरकत नाही, कारण खाली मुलामा नसून आरपार तोच धातू आहे. पुन्हा पुन्हा येत असेल तर कुणीतरी ती भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासतंय का ते विचारा. घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि पुढच्या दमट रात्री तेच गंजतात.

क्रोम दिलेलं प्लास्टिक गंजत नाही. ते फुगतं आणि सोलतं. सोललेलं पॉलिशने जुळत नाही आणि डबीतला क्रोम स्प्रे मारला तर ते करड्या रंगाचं दिसतं. भाग बदला किंवा रॅप करा.

पुन्हा मुलामा द्यायचा झाला तर

नव्या गाडीची पट्टी असेल तर आधी शोरूममध्ये सुट्या भागाची किंमत विचारा. पट्टी उतरवणं, ॲनोडाइज काढणं, बफिंग, परत ॲनोडाइज करणं यांची बेरीज बऱ्याचदा नव्या पट्टीच्या वर जाते. जुन्या गाडीला ती सोय नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या गाड्यांचे नवे बंपर आता कुठून येणार? आहे तोच बंपर प्लेटिंगवाल्याकडे जातो.

तिथे भाव करण्याआधी विचारायचं ते हे: जुना मुलामा पूर्ण उतरवणार का, खड्डे तांब्याने भरून बफिंग करणार का, आणि निकेलचा मुलामा किती वेळ चढवणार. पोलादावर घाईने जेमतेम निकेल आणि वर क्रोमची झलक दिलेला बंपर दुकानातून निघताना तितकाच चमकतो, पहिल्या पावसाळ्यात मात्र ठिपके फुटतात. शक्य असेल तर त्यांनी वर्षभरापूर्वी केलेलं एखादं काम बघायला मागा, आणि बघाल तेव्हा ते उलटं करून मागची बाजू आणि भोकांच्या कडा बघा. बंपर परत आला की बसवण्याआधीच मागून झिंक प्रायमर आणि रंग मारून घ्या. एकदा बोल्ट आवळले की ते काम राहूनच जातं.